चोरलेली तासिका

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर एका नामांकित शाळेच्या पालकसभेला जाण्याचा योग आला. माझी भाची तेव्हा त्या शाळेत नववीत होती. तिचे वडील परगावी असल्याने मामाच्या नात्याने मी गेलो होतो. सभेचा विषय होता दहावीची पूर्वतयारी. एक सुविद्य पालक उठले आणि त्यांनी अत्यंत नम्रपणे एक सूचना मांडली. नववीपासूनच शारीरिक शिक्षणाच्या तासिका गणित आणि विज्ञान या विषयांकडे वळवाव्यात. मैदानावर धावून कोणाची टक्केवारी वाढल्याचे ऐकिवात नाही. सभागृहात टाळ्या पडल्या. मुख्याध्यापिकाबाई स्मितहास्य करीत म्हणाल्या, "सहामाहीनंतर त्या तासिका आम्ही तशाही अभ्यासालाच देतो." तेव्हा पहिल्यापेक्षा मोठ्या टाळ्या पडल्या. शारीरिक शिक्षणाचे शिक्षक मागच्या दाराशी उभे होते. त्यांचे मत कोणी विचारले नाही. खाली मैदानावर पालकांच्या मोटारी रांगेने लावलेल्या होत्या.

प्रस्तुत लेखाचे भांडण त्या टाळ्यांशी आहे.

त्या पालकांच्या हेतूविषयी मला शंका नाही. स्पर्धेची भीती खोटी नाही. अकरावीचा प्रवेश, मग नीट, जेईई, ही परीक्षांची माळ मध्यमवर्गीय घराच्या गळ्यात कोणी हौसेने घातलेली नाही. मात्र ज्या हिशेबावर ती सूचना उभी होती, तो हिशेबच चुकीचा आहे. शाळेचे तास म्हणजे जणू डब्यांतले धान्य. एका डब्यातून काढले आणि दुसऱ्यात ओतले की दुसरा भरलाच, असे त्यामागचे गृहीतक. मुलाचा मेंदू हा शरीराचाच एक अवयव आहे आणि तो रक्त, श्वास, झोप व हालचाल यांवर चालतो, ही साधी गोष्ट या हिशेबात कोठेच धरलेली नाही. मैदानाची तासिका काढून गणिताला दिली, तर गणिताचा तास वाढल्याचे वेळापत्रकात दिसते. त्या तासाला बसलेल्या मुलाचे लक्ष किती उरले, हे वेळापत्रकात दिसत नाही. आणि हे केवळ भावनेने बोलण्याचे प्रकरण राहिलेले नाही. गेली पन्नास वर्षे ते मोजून पाहिले जात आहे.

क्वेबेकचा धडा

कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात त्र्वा-रिव्हिएर नावाचे शहर आहे. त्या शहरात आणि एका ग्रामीण भागात प्राथमिक शाळांमध्ये १९७० ते १९७७ या काळात एक प्रयोग झाला. मुले होती ५४६. त्यांतील एका गटाला आठवड्यातून पाच तास शारीरिक शिक्षण देण्यात आले, तेही त्या विषयाच्या प्रशिक्षित शिक्षकाकडून. दुसऱ्या गटाचे नेहमीप्रमाणे नाममात्र चालू राहिले. पहिल्या गटासाठीचे वाढीव तास आभाळातून पडले नव्हते. ते भाषा, गणित आदी विषयांतून कापून घेतले होते; त्या विषयांचा वेळ सुमारे १३ ते १४ टक्क्यांनी घटला होता. आपल्याकडे एखाद्या संस्थेने असा प्रस्ताव मांडला, तर दुसऱ्या दिवशी शाळा सोडल्याच्या दाखल्यांसाठी रांग लागेल! परंतु वर्षे उलटत गेली तसे दिसले ते असे की, मैदानावर अधिक वेळ घालवणाऱ्या मुलांचे इतर विषयांतील गुण घसरले नाहीत. उलट पुढील इयत्तांमध्ये ती मुले दुसऱ्या गटापेक्षा सरस ठरली.

एका प्रयोगावर सगळी इमारत उभी करू नये, हे मान्य. म्हणून दुसरा दाखला. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०१० मध्ये या विषयावरील पन्नास अभ्यास एकत्र करून तपासले. शाळेतील शारीरिक हालचाल आणि अभ्यासातील प्रगती यांच्यातील अडीचशेहून अधिक संबंध त्यांत नोंदलेले होते. त्यांपैकी ५०.५ टक्के संबंध अनुकूल निघाले, ४८ टक्क्यांमध्ये इकडे ना तिकडे असे काहीच आढळले नाही, आणि प्रतिकूल निघाले केवळ १.५ टक्के. कोणी म्हणेल, म्हणजे निम्म्या ठिकाणी लाभ दिसलाच नाही की! बरोबर आहे. मैदानावर गेले की मूल आपोआप हुशार होते, असा दावा कोणी शहाणा माणूस करणार नाही. पण पालकसभेतील टाळ्या ज्या भीतीपोटी पडल्या, ती भीती नुकसानीची होती. ते नुकसान शंभरात दीड ठिकाणी दिसले. एवढ्या तुटपुंज्या पुराव्यावर एखाद्या दुकानदाराने आपल्या मालाची किंमतही बदलली नसती. आपण मात्र मुलांच्या वेळापत्रकातून एक संपूर्ण विषय बदलून टाकतो.

या विषयावरील व्याख्यानांत अमेरिकेतील नेपरव्हिल या गावाचे उदाहरण हमखास येते. तेथील शाळांत व्यायामावर भर दिला गेला, आणि १९९९ च्या टिम्स या आंतरराष्ट्रीय चाचणीत तेथील आठवीची मुले विज्ञानात जगात पहिली, गणितात सहावी आली. गोष्ट खरी आहे. तथापि नेपरव्हिल हे सुखवस्तू, सुशिक्षित कुटुंबांचे गाव आहे. तेथील मुलांच्या यशाला व्यायामाखेरीज आणखी दहा कारणे असू शकतात. म्हणून मी त्यावर भिस्त ठेवत नाही. समोरच्याचा हिशेब तपासायचा, तर आपलाही तपासून घ्यायला हवा.

अधिक भरवशाचा आहे तो इलिनॉय विद्यापीठातील चार्ल्स हिलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०१४ मधील अभ्यास. सात ते नऊ वर्षे वयाची २२१ मुले घेतली आणि कोणतीही निवड न करता त्यांचे दोन गट पाडले. एका गटाला नऊ महिने शाळा सुटल्यावर रोज खेळवले, त्यांत तासाहून अधिक काळ चांगला दम लागेल असा खेळ. दुसरा गट प्रतीक्षायादीवर. वर्षअखेर खेळलेल्या मुलांमध्ये दोन गोष्टी स्पष्टपणे सुधारल्या. लक्ष विचलित करणाऱ्या गोष्टीला न भुलणे, ही एक. आणि एका प्रकारच्या कामातून दुसऱ्या प्रकारच्या कामाकडे चटकन वळणे, ही दुसरी. जी मुले अधिक दिवस हजर राहिली, त्यांच्यात ही सुधारणा अधिक होती. याच विद्यापीठातील एका आधीच्या अभ्यासात असे आढळले होते की, शारीरिकदृष्ट्या तंदुरुस्त असलेल्या नऊ-दहा वर्षांच्या मुलांमध्ये मेंदूतील हिप्पोकॅम्पस हा भाग, ज्याचा स्मरणाशी निकटचा संबंध आहे, आकाराने मोठा होता आणि स्मरणाच्या चाचणीतही ती मुले पुढे होती.

आता या दोन गोष्टी शाळेच्या बाकावर आणून पाहा. गणिताच्या शाब्दिक उदाहरणात मूल कोठे चुकते? पुष्कळदा त्याला बेरीज-गुणाकार येत असतो. उदाहरण वाचताना पहिला आकडा दिसताच ते हात घालते, दुसरी अट विसरते, 'नफा' विचारला आहे की 'विक्री किंमत' हे पाहत नाही. शिक्षक उत्तरपत्रिकेवर लिहितात, 'निष्काळजीपणा'. ज्याला आपण निष्काळजीपणा म्हणतो, त्याचेच शास्त्रीय नाव मनाचा लगाम सैल असणे. आणि हा लगाम घट्ट करणारे खेळ आपल्या अंगणातच जन्मले आहेत. खो-खोत पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा धरली की मागे फिरता येत नाही, मधली रांग ओलांडता येत नाही. समोरचा खेळाडू हाताच्या अंतरावर दिसत असूनही स्वतःला आवरायचे आणि योग्य गड्याला खो द्यायचा. बसलेल्या आठ जणांनी खो मिळेपर्यंत उठायचे नाही. मिळताच क्षणाचाही विलंब लावायचा नाही. नियम लक्षात ठेवणे, मोह आवरणे, क्षणात निर्णय बदलणे. प्रयोगशाळेत ज्यासाठी संगणकावर चाचण्या रचाव्या लागतात, ते आमची मुले चुन्याच्या दोन रेघांमध्ये करीत आली. खो-खोचे नियम १९१४ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने बांधले. त्याच खेळाची पहिली विश्वचषक स्पर्धा जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झाली, भारताच्या पुरुष व महिला या दोन्ही संघांनी ती जिंकली, आणि दोन्ही संघांचे कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे होते. त्या दिवशी व्हॉट्सॲपवर अभिमानाचे पूर आले. त्या आठवड्यात किती शाळांनी नववीच्या मुलींना खो-खो खेळायला मैदानावर सोडले?

डोळ्यांचाही विचार करावा. चीनमधील ग्वांगझू शहरात बारा प्राथमिक शाळांत पहिलीच्या मुलांवर तीन वर्षे एक अभ्यास झाला; तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या शाळांतील मुलांना रोज केवळ चाळीस मिनिटे अधिक वेळ उघड्यावर नेले. तीन वर्षांनंतर त्या मुलांपैकी ३०.४ टक्के मुलांना लघुदृष्टी जडली होती, इतर शाळांत हे प्रमाण ३९.५ टक्के होते. फळ्यावरचे दिसत नाही म्हणून मागे पडणारी मुले प्रत्येक शिक्षकाने पाहिली आहेत. त्यांना चष्मा लावून पुढच्या बाकावर बसवण्याआधी उन्हात खेळायला पाठवणे स्वस्त पडले असते.

कच्च्या मुलाची शिक्षा

या सर्व चोरीत सर्वांत क्रूर प्रकार कोणता असेल, तर तो कच्च्या मुलांचा. माझा स्वतःचा अनुभव सांगतो. सातवीत असताना माझे गणित यथातथाच होते. आमच्या गणिताच्या मास्तरांनी आम्हा अकरा जणांची एक यादी केली आणि वर्षभर शनिवारच्या पी.टी.च्या तासाला आम्हाला वर्गात कोंडून घेतले. खिडकीबाहेर लंगडी चाललेली असे, मोजणारी मुले मोठ्याने आकडे मोजत असत, आणि आम्ही सरळव्याजाची उदाहरणे उतरवून घेत असू. मास्तर मनाचे वाईट नव्हते, त्या तासाचे त्यांना वेतनही मिळत नव्हते. पण वर्षाच्या शेवटी आम्हा अकरापैकी नऊ जण गणितात नापास झाले. माझ्यापुरते सांगायचे, तर त्या वर्षी मला गणित आले नाही. गणिताचा राग मात्र आला, तो पुढे मी कला शाखेकडे वळलो तरी गेला नाही.

आज चित्र वेगळे आहे का? 'जादा तास', 'उपचारात्मक अध्यापन', 'स्लो लर्नर्सची बॅच' अशी नावे बदलली आहेत, वेळ मात्र बहुधा तीच निवडली जाते. ज्याला एका जागी बसवत नाही, त्यालाच अधिक बसवायचे. आणि उलट प्रकारही तितकाच रूढ: गोंधळ केला, गृहपाठ राहिला की 'मैदानाला पाच फेऱ्या मार'. म्हणजे धावणे ही एकाला शिक्षा म्हणून द्यायची आणि दुसऱ्याला न धावणे ही शिक्षा म्हणून द्यायची. यातून मुलाच्या मनात व्यायामाविषयी कोणती भावना रुजणार? चाळिशीत डॉक्टरांनी 'रोज चालत जा' असे सांगितल्यावर जी नाराजी आपल्या चेहऱ्यावर उमटते, तिचे मूळ कदाचित याच फेऱ्यांत असेल.

जागतिक आरोग्य संघटनेने पाच ते सतरा वर्षांच्या मुलामुलींसाठी दिवसाला सरासरी साठ मिनिटांची दमदार हालचाल आवश्यक मानली आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक पाहणीनुसार, २०१६ साली अकरा ते सतरा वयोगटातील ८१ टक्के मुलांची तेवढी हालचाल होत नव्हती; भारतात हे प्रमाण सुमारे ७४ टक्के होते. आपण जगापेक्षा किंचित बरे आहोत, एवढे समाधान ज्याला मानायचे असेल त्याने मानावे.

शिट्टीवाले सर

शाळेत शारीरिक शिक्षणाचे शिक्षक कोणती कामे करतात, याची एकदा यादी करून पाहा. प्रार्थनेच्या वेळी रांगा लावणे. शाळा सुटताना फाटकावर शिट्टी वाजवून रिक्षा-बस मार्गी लावणे. स्वातंत्र्यदिनाचे संचलन, स्नेहसंमेलनाचा मंडप, पाहुण्यांसाठी लेझीमपथक, केस वाढवलेल्या मुलांना धाक, निवडणुकीची कामे, आणि कोणी शिक्षक रजेवर असला की ऑफ तासाला वर्ग शांत ठेवणे. बी.पी.एड.ला या गृहस्थाने शरीरशास्त्र, मानसशास्त्र, खेळांचे तंत्र हे सारे शिकलेले असते. शाळेत येताच त्याचा रखवालदार होतो. आणि हे भाग्यही सर्व शाळांच्या वाट्याला नाही. 'असर' या संस्थेच्या २०१८ च्या ग्रामीण पाहणीत देशातील अवघ्या ५.८ टक्के प्राथमिक आणि ३०.८ टक्के उच्च प्राथमिक शाळांत शारीरिक शिक्षणाचा स्वतंत्र शिक्षक आढळला होता. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात क्रीडांगण आहे. सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून अधिक मुले असतील तेथे आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी शिक्षकाचीही तरतूद आहे, परंतु ती अर्धवेळ निदेशकाची! पूर्णवेळ मुलाला अर्धवेळ शरीर असते, असे कायदा करणाऱ्यांना वाटले असावे.

दहावीला हा विषय आहे, पण श्रेणीचा. एकूण गुणांत त्याची गणती नाही. शाळेने श्रेणी ठरवायची आणि मंडळाला कळवायची. जे मोजले जात नाही, ते शिकवले जात नाही, हा आपल्या शाळांचा अलिखित नियम. अनेक ठिकाणी वर्षभर मैदान न पाहिलेल्या मुलांपुढे मार्चमध्ये एका बैठकीत 'अ' लिहिला जातो. आम्ही सत्यनिष्ठेचे संस्कार देतो म्हणणाऱ्या शाळेत, शिक्षकाच्याच हाताने, मुलांच्या डोळ्यांदेखत, ही खोटी नोंद होते. त्या मुलाला त्या दिवशी नागरिकशास्त्राचा जो धडा मिळतो, तो कोणत्याही पुस्तकात छापलेला नाही.

येथे एक गल्लत दूर केली पाहिजे. शारीरिक शिक्षणाविषयी बोलू लागले की मुख्याध्यापक अभिमानाने चषकांचे कपाट दाखवतात. बाराशे मुलांच्या शाळेत बारा मुले जिल्हास्तरावर चमकलेली असतात. त्यांचे कौतुक जरूर व्हावे. त्यांना सवलतीचे गुणही मिळतात. पण हा क्रीडास्पर्धांचा विभाग झाला. शारीरिक शिक्षण उरलेल्या अकराशे अठ्ठ्याऐंशी मुलांसाठी असते, त्यांत तो जाड भिंगांचा मुलगा येतो, ती दमेकरी मुलगी येते, आणि चेंडू समोर आला की डोळे मिटणारेही येतात. कपाटातील चषक पाहून या मुलांच्या फुप्फुसांना काही लाभ होत नाही.

दुसरी गल्लत आपल्याच मंडळींची आहे, म्हणून अधिक स्पष्टपणे सांगतो. २०१५ पासून २१ जून हा आंतरराष्ट्रीय योग दिन झाला, याचा आनंद कोणाला नाही? परंतु २१ जूनची छायाचित्रे आणि रथसप्तमीचे सामूहिक सूर्यनमस्कार, एवढ्यावर वर्षाची बोळवण करून 'आमच्या शाळेत योग आहे' असे म्हणणे ही आत्मवंचना आहे. हरिद्वार येथील योगसंशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेला एक अभ्यास या संदर्भात मननीय आहे. आठ ते तेरा वर्षांच्या ९८ मुलांचे दोन गट केले. एकाला योग, दुसऱ्याला शारीरिक व्यायाम, रोज ४५ मिनिटे, आठवड्यातून पाच दिवस, तीन महिने. एकाग्रतेची चाचणी दोन्ही गटांत सुधारली. मात्र समवयस्कांमधील आपल्या स्थानाविषयीचा आत्मविश्वास व्यायामगटातील मुलांमध्ये अधिक आढळला. योगाच्याच अभ्यासकांनी हे प्रामाणिकपणे नोंदवले, याचे मला विशेष वाटते. योग हवा आणि खेळही हवा. एकाचे नाव सांगून दुसऱ्याला सुट्टी देता येणार नाही. आणि दोन्हींचा परिणाम रोज केल्याने होतो.

तसे पाहता ही दृष्टी आपल्याकडे नवी नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधामची स्थापना केली, तेव्हा योगक्रियांचा शरीरावरील परिणाम उपकरणांनी मोजून पाहण्याचा आग्रह धरला. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातील शाळांत सूर्यनमस्कार नित्याचे केले. अमरावतीच्या वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये स्थापन केलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके केली. कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी पुण्यात १९२४ मध्ये महाराष्ट्रीय मंडळाची मुहूर्तमेढ रोवली. मल्लखांबाचा प्रसार देशोदेशी करणारे दादरच्या समर्थ व्यायाममंदिराचे उदय देशपांडे यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. आणि लोकमान्य टिळक! डेक्कन कॉलेजातील पहिले वर्ष त्यांनी तालीम, पोहणे आणि शरीर कमावणे यांना दिले, त्यापायी अभ्यास मागे पडू दिला, आणि पुढे गणितात प्रथम वर्ग मिळवून ते पदवीधर झाले. ही कथा आपण १ ऑगस्टला मुलांना सांगतो आणि २ ऑगस्टला पी.टी.चा तास गणिताला देऊन टाकतो.

सरकारला दोष देणे सोपे आहे आणि काही अंशी योग्यही आहे. परंतु राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये अभ्यासक्रम आणि सहअभ्यासक्रम अशी भिंत नको, हे स्वच्छ शब्दांत म्हटले आहे. केंद्रीय मंडळाने २०१८ मध्ये नववी ते बारावीसाठी रोज एक तासिका आरोग्य व शारीरिक शिक्षणाला देण्याचे ठरवले. कागद आपल्या बाजूने आहे. धोरणाचे स्वागत करणारी परिसंवाद-व्याख्याने आपण केली, त्यांत मीही बोललो आहे. तासिका चोरली जाते ती मंत्रालयात नव्हे, शाळेच्या शिक्षकदालनात. आणि चोरीचा माल आपल्या घरी येतो, म्हणून आपण गप्प बसतो. संस्कारांचा वारसा सांगणाऱ्या, ज्यांच्या कार्यकारिणीवर या अंकाचे कित्येक वाचक आहेत, त्या संस्थांच्या शाळाही याला अपवाद नाहीत. ज्या आजोबांनी लहानपणी मातीत हुतूतू खेळून गुडघे फोडून घेतले, तेच आज संस्थेचे पदाधिकारी म्हणून दहावीच्या निकालाची टक्केवारी फलकावर लावतात आणि मैदानाचा कोपरा नव्या वर्गखोल्यांना देतात. उरलेले मैदान मेमध्ये लग्नाला आणि डिसेंबरमध्ये प्रदर्शनाला भाड्याने जाते.

जागाच नाही, असे मुंबई-ठाण्याकडील शाळा म्हणतील. त्यांची अडचण खरी आहे. तेथे मी चारमजली इमारतींच्या मध्ये सापडलेले मैदान पाहिले आहे, त्यात चेंडू फेकला तर तो थेट शेजारच्या स्वयंपाकघरात जाईल. पण सूर्यनमस्काराला सतरंजीएवढी जागा लागते. दोरीच्या उड्यांना त्याहून थोडी अधिक. गच्ची आहे, सभागृह आहे, महापालिकेचे उद्यान आहे. मल्लखांब तर उभा वाढतो! अडचण जागेची असते तेथे मार्ग निघतो. इच्छेचीच अडचण असेल तर दहा एकरांतही गवत वाढते.

मुलींविषयी एक शब्द. सातवी-आठवीनंतर मुली मैदानाच्या कडेने बसू लागतात. 'त्यांना आवडत नाही' असे उत्तर मिळते. न आवडायला कारणे असतात. खेळायला न सुचणारा गणवेश, घाम आल्यावर तोंड धुवायला नसलेली जागा, महिला शिक्षिकेचा अभाव, आणि घरचा आग्रह, 'उन्हात जाऊ नकोस, काळी पडशील.' यांतील शेवटचे कारण दूर करण्यास अनुदानाची आवश्यकता नाही.

तेव्हा वाचकांपैकी जे पालक आहेत, त्यांनी पुढल्या सभेत मुख्याध्यापकांना काही साधे प्रश्न विचारावेत. गेल्या महिन्यात माझ्या मुलाच्या वर्गाच्या शारीरिक शिक्षणाच्या किती तासिका प्रत्यक्ष मैदानावर झाल्या? उरलेल्या कोणत्या विषयाला गेल्या, आणि ते कोणी ठरवले? कच्च्या मुलांचे जादा तास नेमके कोणत्या वेळी होतात? त्या 'अ' श्रेणीमागची नोंदवही पाहायला मिळेल का? जे संस्थाचालक आहेत, त्यांनी एवढाच ठराव करावा की, शारीरिक शिक्षणाची तासिका दुसऱ्या विषयाला द्यायची झाल्यास त्याची लेखी नोंद व्हावी आणि ती दरमहा कार्यकारिणीपुढे यावी. शिट्टीवाल्या सरांना व्यासपीठावर बोलावून दहा मिनिटे बोलू द्यावे. बहुतेकांना ते प्रथमच मिळतील.

आणि त्या सभेला जाताना आपली मोटार शाळेच्या मैदानावर उभी करू नये.